चौकीच्या अलीकडचं घर

"ब्रेकवरचा पाय उचल ना गं!" लुएला ओरडली. "इथं थांबायचं नाही. पूल पुढे आहे."

"दिसतोय मला पूल," व्हर्ना म्हणाली. पूल दिसत होता, पुलावर खोळंबलेली ट्रकांची रांगही दिसत होती. पण तिचे डोळे खिळले होते ते उजव्या हाताच्या तिच्या स्वतःच्या घरावर. दारात सुईणीची गाडी उभी होती. माडीवरची खिडकी सताड उघडी होती. आत तिची लेक शेल्बी बाळंत होत होती, तीही पहिलटकरीण, आणि आई इकडे रस्त्यावर.

अक्वेसास्नेच्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या नशिबी हे असंच आहे. नदीत कॅनडाच्या हद्दीतलं बेट, बेटावर घरं. एक पूल अमेरिकेकडे जातो, दुसरा कॅनडाकडे, आणि कॅनडाची सीमाचौकी त्या दुसऱ्या पुलाच्याही पलीकडे. अमेरिकेकडून घरी येणाऱ्यानं आपल्याच दारावरून सरळ पुढे जायचं, पूल ओलांडायचा, चौकीत 'आलो हो' म्हणून सांगायचं आणि मग उलटं फिरून घर गाठायचं. आधी घरात शिरलात तर गाडी जप्त. इतकं अंगवळणी पडलंय की आता कुणी शिव्यासुद्धा देत नाही.

दोघी बहिणी अमेरिकेकडच्या बाजूला वृद्धाश्रमात स्वयंपाक करायच्या. तीही वस्ती त्यांचीच, माणसंही त्यांचीच. मक्याची पेज शिजायला टाकली आणि सुईणीचा फोन आला. व्हर्ना ॲप्रनसकट निघाली होती.

"गाडी तुझी असती तर मी बोलले नसते," लुएलाचं चालूच होतं. "जावयाची आहे. रविवारी चार माणसं हिच्यात बसून न्यूयॉर्कला जातात, उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्याच्या कामावर. ही गेली तर चार घरच्या चुली थंड. फोन लाव की! बाळाला काय सांगायचं ते फोनवरून सांग."

"फोनवरून? म्हणजे पहिला शब्द बाळाला डबड्यातून ऐकवायचा?"

व्हर्नाच्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या कानात पहिला शब्द आपल्या भाषेतला पडायचा, आणि तो आईच्या आईनं बोलायचा. शेल्बीला भाषा धड येत नव्हती. सुईण परगावची. शेल्बी झाली तेव्हा व्हर्नाची आई दवाखान्यात पोचायच्या आत नर्स इंग्रजीत काहीतरी बोलून गेली होती. ते व्हर्नाला अजून सलत होतं. नातवंडाच्या वेळी तरी असं होऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तरीही ती पुढेच जाणार होती, अगदी शपथेवर. पण रोज आपल्या दाराशी आलं की हात वळतो, तसा तो वळला. गाडी अंगणात जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"अगं बये! हे काय करून बसलीस?" लुएलानं कपाळावर हात मारला. "मागे घे, मागे घे! कुणी पाहिलं नाही अजून. आणि उतरू नकोस. उतरलो नाही म्हणजे आलोच नाही!"

व्हर्नानं मागचा गिअर टाकला. तेवढ्यात माडीवरून शेल्बीची किंकाळी आली. वर बघते तर खिडकीत जावई, रॉइस. त्यानं अंगणात उभी असलेली आपली गाडी पाहिली. रस्त्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं.

मग ओरडला, "आई, बघत काय बसलात? वर या! डोकं दिसतंय!"

व्हर्नानं गाडीची किल्ली काढली आणि पळाली. लुएला मात्र हलली नाही. पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन ती अंगणातल्या गाडीतच बसून राहिली, न आल्यासारखी.

मुलगी झाली. सुईण तोंड उघडणार तेवढ्यात व्हर्नानं हातानंच तिला गप्प केलं आणि त्या ओल्या, चुरगळलेल्या कानाशी वाकली. आलीस, बरं झालं, आम्ही वाट बघत होतो, तू अस्वलाच्या कुळातली, तुझ्या आईसारखी, माझ्यासारखी. बोलता बोलता तिचा आवाज फुटला, पण तिनं एकही शब्द गाळला नाही. शेल्बी रडत होती. रॉइस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि वेड्यासारखा हसत होता.

दुपारी दोघी बहिणी चौकीच्या खिडकीशी पोचल्या. आतला अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य.

"अमेरिकेकडच्या पुलावरच्या कॅमेऱ्यात तर तुम्ही सकाळीच बेटावर आलेल्या दिसताय, बाई. मधे कुठे होतात?"

लुएलानं तिला कोपरानं ढोसलं.

"घरी," व्हर्ना म्हणाली.

"न कळवता?"

"न कळवता."

त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. ती देताना व्हर्नाच्या डोळ्यांसमोर रॉइस आला, रविवारी पिशवी खांद्याला लावून रस्त्यावर उभा. तिला भडभडून आलं. रडायचं मात्र नाही, इथं तर नाहीच.

"या ताईंशिवाय आणखी कुणी आलंय बेटावर, न कळवता?" त्यानं विचारलं.

"आलीय ना. एक बाई आलीय आज."

"अगं, काय बोलतेस!" लुएला पुटपुटली.

अधिकारी सावरून बसला. "नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"आली कुठून?"

"आईच्या पोटातून," व्हर्ना म्हणाली. "तिथं अजून तुमची चौकी बसायचीय."