आमेन होईपर्यंत

भोंगेकाका प्रार्थनेत समुद्रावर पोचले, तेव्हा काकू अजून खाटेवरच होत्या.

“आणि हे सर्वसमर्थ पित्या, जे जहाजांवर आहेत, जे वादळात सापडलेत, त्यांना तू किनारा दाखव!” काकांचे डोळे मिटलेले, दोन्ही हात वर. वॉर्डातला पंखा लागू नये म्हणून तेवढे जरा बेताने वर. खाटेभोवती उभ्या असलेल्या नातेवाइकांत एकही खलाशी नव्हता. पण काकांची प्रार्थना कधी एका माणसापुरती नसायची. एका माणसासाठी घसा कोण खर्च करतो?

लग्नकार्यांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. देव झाला तरी त्याला मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, हे त्यांचं धोरण. चर्चमध्ये सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत, पाठीमागे भोंगेकाका. आणि तिथला एक नियम कडक होता: प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. एकदा काका प्रार्थना करत असताना चर्चच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, मग आटलं, मग पातेलं जळलं. वास सगळ्यांना आला. डोळा एकानेही उघडला नाही.

आजचा प्रसंग मात्र बाका होता. काकूंच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पोट उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तयारी ठेवा.”

काकांनी तयारी केली होती. प्रार्थनेची.

समुद्रानंतर शेती झाली, शेतीनंतर राज्यकर्ते आले. मध्येच कुणीतरी काकांचा शर्ट ओढला. “अहो,” काकूंचा आवाज. बायको हेलावली, असं समजून काकांनी पट्टी आणखी चढवली. मग चाकांची खडखड ऐकू आली. त्यावरून त्यांना एलीयाला स्वर्गात घेऊन गेलेला अग्निरथ आठवला. तोही त्यांनी प्रार्थनेत घेतला. सुचलेलं वाया कशाला घालवा?

अखेर सगळ्या सृष्टीची सोय लावून ते दणदणीत आवाजात “आमेन!” म्हणाले. सगळ्यांनी “आमेन” म्हणत डोळे उघडले.

खाट रिकामी होती.

उशीवर डोक्याचा खड्डा तेवढा उरला होता. काकांना पुन्हा अग्निरथ आठवला.

“ऑपरेशनला नेलं की त्यांना! कधीच!” शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली. “तुमचं ते राजेलोकांचं चाललं होतं ना, तेव्हा. बिचारीने जाताना तुमच्याकडे बघून हातसुद्धा हलवला. बघतंय कोण!”

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक लांब बाक होता. काका त्याच्या कडेला टेकले आणि आठवू लागले. ती जायच्या आधी आपण तिला शेवटचं काय म्हणालो? तिला असं काहीच म्हणालो नाही. जे काही म्हणालो, ते खलाशांबद्दल.

एक माणूस रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेला. जरा वेळाने दुसरी घेऊन गेला. काकूंच्या बहिणीने पदर तोंडाला लावला. “भाऊजी, काहीतरी करा हो.”

“काका, होऊन जाऊ द्या अजून एक,” चर्चचे पेटीमास्तर म्हणाले. काकांच्या प्रार्थनांचे ते जुने रसिक. सगळे उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले.

काकांनी हात वर केले. “हे सर्वसमर्थ...” म्हणाले आणि अडले. पुढचं काही येईचना. माइकची वायर निघावी तसं झालं. हात आपोआप खाली आले. काका मटकन बाकावर बसले.

“देवा,” ते म्हणाले. इतक्या हळू, की मेहुणीला कान पुढे करावा लागला. “मला घरात काडेपेटी कुठे असते तेसुद्धा ठाऊक नाही. तिला परत दे.”

एवढंच.

आमेन न आल्यामुळे डोळे कुणी उघडले नाहीत. “सुरुवात वेगळी घेतलीय,” पेटीमास्तर मिटल्या डोळ्यांनी कुजबुजले. “आता बघा, कसे चढतात.”

काका चढले नाहीत. आमेनही म्हणाले नाहीत. आमेन म्हटलं की मागणं आपल्या हातून सुटलं, मग त्याचं काय ते देवाने बघायचं. आजवर हजारदा म्हटलेला तो शब्द त्यांना आज पहिल्यांदाच जड वाटला. ते दाराकडे टक लावून बसून राहिले.

दार उघडलं. सिस्टर बाहेर आली. डोळे मिटून उभी असलेली एवढी माणसं बघून ती दचकली. मग त्यांच्यात तिला दोन उघडे डोळे सापडले.

“गाठ पूर्ण निघाली,” ती म्हणाली. “पेशंट ठीक आहेत. शुद्धीवर येताहेत.”

काका बाकावरून उठले.

“मघाशी हात वर करून उभे होते ते तुम्हीच ना?” सिस्टरने विचारलं. “मी तुम्हाला थांबवणारच होते. पण त्या म्हणाल्या, राहू दे, मध्ये तोडलं की हे पहिल्यापासून सुरू करतात. मग भूल द्यायच्या आधी एक निरोप दिला होता त्यांनी. ह्यांचं आमेन झालं की सांगा म्हणाल्या. गडबडीत माझ्याकडून राहूनच गेला.”

“काय?”

“काडेपेटी मिठाच्या बरणीमागे आहे.”

“आमेन,” काका म्हणाले. इतक्या हळू, की पेटीमास्तर डोळे मिटून तसेच उभे राहिले.