शिळं पाणी

मुंबईहून बोटीने आलेल्या सुभाषने आईसाठी, मथुराकाकीसाठी, काचेच्या भांड्यात एक लाल मासा आणला. "आठ दिवसांनी बदल पाणी, तेही निम्मंच," असं बजावून तो परत गेला. पण देवाच्या तांब्यात रोज ताजं पाणी भरणाऱ्या मथुराकाकीला जित्या जिवाला शिळ्या पाण्यात ठेववेना. पूजा आटोपली की ती रोज भांड्यातलं सगळं पाणी ओतून विहिरीचं ताजं भरायची आणि माशाशी चार शब्द बोलायची.

शेजारची तुळसा दगडी गडग्यापलीकडूनच हसायची, "काकी, देवघरातच बसय आता तेका!"

एका सकाळी मासा उलटा तरंगताना दिसला. घरात मरण झालं की करतात तसं काकीने कळशी, हंडा, घागर, सगळं साठवलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. ते पाहिलं मात्र, तुळसा गडगा ओलांडून धावतच घरात आली.

"काकी, कोण गेला गो?"

काकीने भांड्याकडे बोट दाखवलं.

"अगो काकी, माशाचा कोण सुतक धरता!" तुळसाला हसू आवरेना.

काकीने पाट पुढे सरकवला.



"तुझो काको गेलो तेव्हा तू ह्या घरात इलंस, तेच्यानंतर आजच इलंस. बस जरा."