आईच्या मापाचं हँडल

"पाय अंगणातल्या नळावरच धू," बनाबाई लेकीला म्हणाली. "आत ओलं हाय."

अनुपमा नाशिकहून न कळवता आली होती. बॅग दाराशीच ठेवून ती बाथरूमकडे निघाली. जुना टब काढून तिथं आईला बसून आंघोळ करता येईल असा शॉवर करून द्यायचं काम तिनं ठेकेदाराला दिलं होतं. काम झाल्यावर ती आजच पहिल्यांदा खामगावला येत होती. त्यानं पाठवलेला फोटो मात्र तिनं इतक्या वेळा पाहिला होता की फरशीचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे आहे तेही तिला पाठ होतं.

"ओलं असू दे. मले पाहायचंच आहे."

"आधी चहा तर घे."

"आई, बाजूले हो."

दार उघडलं. टब जागेवरच होता.

घराच्या आधीच्या मालकानं बसवलेला, हिरवट, गुडघ्याहून उंच काठाचा. मागच्या उन्हाळ्यात याच काठावरून उतरताना आईचं मनगट मोडलं होतं. टबात आता एक पाट आणि बादली होती. बाहेर, काठाला लागून, सिमेंट चिकटलेलं घमेलं पायरीसारखं पालथं घातलं होतं. वरच्या पाइपला गाठी मारलेली दोरी बांधली होती. त्यातली सगळ्यात खालची गाठ हात लागून लागून काळी पडली होती.

अनुपमानं दोरी ओढून पाहिली. पाइप हलला.

"फसवलं मले त्यानं," ती म्हणाली. "फोटो दुसऱ्याच घरचा पाठवला."

वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंत ठोकत होतं. हर्षल, अनुपमाचा भाऊ, बायकोसोबत वर राहायचा.

"वर काय चालू आहे?"

ठोकणं थांबलं. आवाज ऐकून ठेकेदार प्रेमानंदच जिन्यावरून खाली आला. त्याच्या केसांवर पांढरी धूळ होती.

"ताई, तुम्ही? बरं झालं आल्या. चला, पाहून घ्या. तुम्ही सांगतलं तसंच केलं. पायाखाली थेंब थांबत नाही पान्याचा."

"कुठं केलं?"

"वर. हर्षलभाऊकडे."

"मी खालचं सांगितलं होतं."

"हाव. मंग काकू म्हनल्या, ताईचा फोन आलता, वरतं करा म्हने." त्यानं आधी बनाबाईकडे पाहिलं, मग अनुपमाकडे. "तुमचाच होता न फोन?"

मागोमाग हर्षल उतरला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ताई, अशी अचानक? अन् थँक्यू हं. मी म्हनत होतो, आधी आईचं करू. पन आई म्हने, मले टबच बरा वाटते. अन् ताईनंबी वरचंच सांगतलं म्हने."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. अनुपमानं आईकडे पाहिलं. बनाबाई टबाच्या काठावरचा ओला परकर पिळत होती. तो आधीच पिळलेला होता.

"फक्त भिंतीवरचं धरायचं हँडल लय खाली बसवलं, ताई," प्रेमानंद म्हणाला. "वहिनीले वाकावं लागते. तेच वर घेऊन राह्यलो आज. कोनाच्या मापानं सांगतलं होतं तुम्ही?"

दिवाळीत आईला भिंतीशी उभं करून अनुपमानं तिच्या कोपरापाशी पेन्सिलीनं रेघ मारली होती. आई तेव्हा हसली होती, शाळेत पोरांची उंची घेतात तशी घेऊन राह्यली म्हणून.

"माझं माप चुकलं," अनुपमा म्हणाली.

दोघं वर गेले. ड्रिल सुरू झालं.

"काऊन केलं, आई?"

"त्याच्या सासरचे लोक येत राह्यतात. वरची न्हानी कशी होती, तुले मालूम हाय. बरं नव्हतं दिसत."

"मले विचारायचं."

"तू नाही म्हनली असती."

"रोज सकाळी फोनवर सांगत होतीस. उतार चांगला दिला, फरशी खरबरीत आहे, पाय सरकत नाही. ते कुठून आणलं?"

"वर जाऊन पाहून येत होती न."

"या गुडघ्यांनी? जिना चढून?"

"मंग? तुले काहीबाही कसं सांगू?"

बनाबाईनं चुलीवरचं कढत पाणी बादलीत ओतलं, विसण घातलं, खांद्यावर टॉवेल टाकला. तिची आंघोळीची वेळ झाली होती. अनुपमानं बादली उचलून टबात ठेवली आणि काठाशी उभं राहून हात पुढे केला.

बनाबाईनं त्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या पलीकडची दोरी धरली.

"तू जा बाहेर. मले सवय हाय."

दार लागलं. आतून घमेलं सरकवल्याचा आवाज आला. मग पाइप कुरकुरला. अनुपमा दाराला हात टेकून उभी राहिली आणि नाशिकहून रोज सकाळी विचारायची तेच तिनं विचारलं.

"आई, नीट धरलं न?"

"हाव," आतून आवाज आला. रोज फोनवर यायचा तसाच, कुठंही न अडखळलेला. "हँडललेच धरलं हाय."