रविवारी न येणारा कण

“सर, आपला नवा कण रविवारी येत नाही.” संशोधक विद्यार्थिनीने आलेख टेबलावर ठेवला. प्राध्यापक हसले. “सरकारी नोकरीत असेल.” ती हसली नाही. शोधनिबंध आज प्रकाशनाला जायचा होता. तिची डॉक्टरेट त्यावरच उभी होती. “इथले दिवे रात्रंदिवस चालू असतात, फक्त रविवारी बंद,” म्हणत तिने ट्यूबलाइट मालवली. पडद्यावर भराभर चढणारा कणांचा आकडा मंदावला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या यंत्रात उजेड झिरपत होता आणि यंत्र त्यालाच कण समजून मोजत होतं. प्राध्यापक पडद्याजवळ वाकले. “म्हणजे तीन वर्षं आपण ट्यूबलाइटवर संशोधन केलं?” तिने यंत्राभोवती टॉर्च फिरवला. एका कोपऱ्याशी आकडा पुन्हा उसळला. तिथल्या टाचणीएवढ्या भोकावर तिने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दाबला. “अगं, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. घरी काय सांगशील?” “खरं तेच.” तिने दुसरा तुकडा दातांनी तोडला. “तुम्ही टॉर्च धरा, सर. मागची बाजू राहिलीय.”