दिनकररावांची यादी

“गोलकीपर तोच ठेवा,” दिनकरराव म्हणाले. “लिहिलंस? पुढे लिही, डावा बॅक बदला. त्याचं मन आता खेळात नाही.”

सरलाबाईंनी लिहिलं. मे महिन्यात दिनकररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा मिळायला अजून पंधरा दिवस होते, आणि तोवर लिहिणं-वाचणं बंद. एरवी हे पत्र ते कुणाला हातही लावू देत नसत.

१९९५ चा जून होता. सह्याद्री हा दिल्लीतल्या मराठी मंडळींनी काढलेला फुटबॉल क्लब. आता त्यात मराठी खेळाडू दोनच उरले होते, बाकी गढवाली, बंगाली, मणिपुरी. दिनकररावांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता, पण बावीस वर्षांत एकही सामना चुकवला नव्हता. मोसम संपला की ते सेक्रेटरी अण्णासाहेबांना पत्र पाठवत: कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कुठून कोणाला आणायचं. कमिटीतले लोक कुरकुर करत, पण अण्णासाहेब शेवटी यादी लावत ती याच पत्राबरहुकूम.

“संघ उन्हाळ्यातच घडतो,” दिनकरराव म्हणाले. “लोक ओरडतात, नवा स्ट्रायकर आणा. गोल मारणारे दहा मिळतील. मधल्या फळीत उभं राहून बाकीच्यांना जागा दाखवणारा मिळत नाही. आणि हे ठळक लिही: केवळ घरचा आहे म्हणून कोणालाही ठेवू नये.”

“हे कोणाबद्दल?”

“सगळ्यांबद्दल. अशोक अण्णासाहेबांचा भाचा, म्हणून दोन वर्षं चिकटून बसलाय.”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. आता मधली फळी राहिली होती, आणि मधल्या फळीत अंकुर खेळायचा. अंकुर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा.

अंकुर चोवीस वर्षांचा होता. दोन वर्षं घरी बसल्यावर नोएडाच्या एका टीव्ही कारखान्यात सुपरवायझरची नोकरी चालून आली होती. एक जुलैला हजर व्हायचं होतं. पण कारखान्याची शिफ्ट आणि दिल्ली गेटच्या मैदानावरची दुपारची प्रॅक्टिस, दोन्ही जमणं शक्य नव्हतं. त्याने साफ सांगून टाकलं होतं: यादीत नाव आलं तर नोकरीला नकार.

“अहो, तुमच्या पत्राच्या भरवशावर तो हातातली नोकरी सोडतोय,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“सोसायटीतली सगळी मुलं मार्गी लागली. नोकऱ्या काय वर्षभर थांबतात?”

“सरला, मी क्लबाचं बघतोय. पत्र लिहिताना मुलगा-बिलगा बाजूला. लिही, अंकुर.”

त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश दोन वाक्यं सांगितली. सरलाबाईंचं पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं.

“आता सगळं वाचून दाखव.”

“चारची डाक निघून जाईल. सही करा, इथे.”

त्यांनी बोट ठेवलं तिथे दिनकररावांनी चाचपडत सही केली. सरलाबाईंनी आंतर्देशीय पत्राच्या कडा चिकटवल्या आणि भर उन्हात स्वतःच पेटीपर्यंत जाऊन आल्या.

नवव्या दिवशी अंकुर घरी आला तो ते पत्र हातात घेऊनच. यादी लागली होती. कारण विचारल्यावर अण्णासाहेबांनी पत्रच त्याच्या हातात ठेवलं होतं. दिनकरराव काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. सरलाबाई ताटात तांदूळ निवडत होत्या.

“ऐका बाबा, तुमचंच आहे. ‘अंकुरला या वर्षी घेऊ नये. केवळ घरचा आहे म्हणून कोणालाही ठेवू नये.’ कमाल आहे यार! सगळ्या पोरांसमोर वाचलं मी हे.”

दिनकरराव खुर्चीत पुढे सरकले.

“परत वाच,” ते म्हणाले.

अंकुरने परत वाचलं. सरलाबाईंचा हात तांदळात तसाच राहिला होता. दिनकररावांचा चेहरा त्यांच्या दिशेला वळला, पण काळ्या काचांमागे ते काय बघत होते ते कळलं नाही.

“लहानपणी बोट धरून तुम्हीच मला मैदानावर नेलंत ना? मग मला तोंडावर सांगायचं होतं, की तू त्या लायकीचा नाहीस. अक्षर आईचं आहे, पण हे खरंच तुमचं आहे?”

“खाली सही आहे ना?”

“आहे.”

“माझीच आहे.”

अंकुर त्यांच्याकडे बघत राहिला. वडिलांच्या तोंडून आणखी एखादा शब्द निघेल अशी त्याला वेडी आशा होती. मग पत्र तिथेच टाकून तो आत गेला.

तीस तारखेला त्याने बॅग भरली. नोएडात सेक्टर बावीसमध्ये त्याने खोली बघितली होती. खेळाचे बूट त्याने पलंगाखालीच ठेवले. आईच्या पाया पडला. वडिलांच्या खुर्चीजवळून जाताना मात्र थांबला नाही.

“अरे, बाबांना नमस्कार कर,” सरलाबाई म्हणाल्या.

“त्यांनी मला टीममधून काढलंय, आई. मीही त्यांना काढलं.”

जिन्यावर पावलं वाजली, खाली ऑटो सुरू झाला आणि निघून गेला. सरलाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. लेक मार्गी लागला होता, आणि त्यांना रडू आवरत नव्हतं.

“रडू नकोस,” दिनकरराव म्हणाले. “नोकरी चांगली आहे. तुझ्यावर तरी त्याचा राग नाही, ते तसंच राहू दे.”

सरलाबाईंनी वळून बघितलं.

“पण मी त्याला कॅप्टन करा म्हटलं होतं, सरला.”