जर्मनीतला उसाचा रस

जर्मनीतल्या बिअर महोत्सवात मित्रांसोबत पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच मिथुनला गडचिरोलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. कॉल कापायला गेलेलं बोट नेमकं हिरव्या बटणावर पडलं. आई, रुखमाबाई, गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. बिअरचा मग लपवावा, तर तोही लिटरभराचा.

"ते काय होय, बाबू?"

"उसाचा रस, आई."

"वीस वर्षं झाली, मोहाच्या दारूच्या सडव्याची मडकी फोडून राह्यली मी. फेस मले नको शिकवू."

मिथुन शिव्यांची वाट पाहू लागला. पण आई थकल्या डोळ्यांनी त्याच्या मागच्या टेबलाकडे पाहत होती. तिथे तिसऱ्या मगावर आलेल्या एका लालबुंद म्हाताऱ्याने गाता गाता हात उचलला आणि बायकोच्या खांद्यावर टाकला.

"तो बी पिऊनच हाये ना?"

"हो. इथी सगळेच पितेत, आई."

ती स्क्रीनच्या आणखी जवळ आली.

"फोन जरा तिकडंच धरून ठेव, बाबू. त्यानं हात उचलला, तरी ती बाई दचकली नाई."