भरलेले सेल

काकूंनी सही केली, तर गेलेल्या काकांचा बंद फ्लॅट पुतण्याला मिळणार होता. पण काकू म्हणत, "हे अजून तिथे टॉर्चचे सेल चार्ज करायला येतात."

"चार वर्षं पडलेले सेल केव्हाच उतरले! टॉर्च लागला, तर सहीचं नाव काढणार नाही," तो म्हणाला.

काकूंसमोरच फ्लॅटचं कुलूप काढून त्याने खणातल्या टॉर्चचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. काका सेलवर पट्टी चिकटवून चार्जिंगची तारीख लिहीत. त्याने सेल बाहेर काढले, तर पट्टीवर काकांच्याच अक्षरात आजची तारीख होती. शाई त्याच्या बोटाला लागली.

"पण काकू, इथली वीज मी तोडलीय!"

"मग आणली असेल कुठून तरी."

खाली त्याची नवी गाडी सुरूच होईना. फ्लॅट गेला दोन सेलांपायी, आणि सेल भरायला वीजही त्याच्याच गाडीची लागली.